व्याकरणकाराचा कान

उपवासकाळातील एका रविवारी आमच्या हातून एक अपराध घडला. रावेर परिसरातील आमची मंडळी लहान. मिस्सेत वाचन करण्यास पुढे येणारी मुले त्याहून थोडी. त्या दिवशी मोशेने खडकावर काठी मारून तहानलेल्या लोकांसाठी पाणी काढल्याचा उतारा होता. सहावी-सातवीतील एक मुलगी तो वाचावयास उभी राहिली. वाचन स्वच्छ होते, आवाज खणखणीत होता. मात्र 'पाणी' हा शब्द जितक्या वेळा आला तितक्या वेळा तिने 'पानी' असे वाचले. मिस्सा संपल्यावर चारचौघांदेखत आम्ही तिला म्हणालो, "पानी नव्हे, पाणी. शुद्ध बोलावे." पुढच्या रविवारी ती मागच्या रांगेत जाऊन बसली. तिची आई आम्हांस भेटली आणि हळूच म्हणाली, "फादर, आमचं बोलनं गावठी. तिले नका सांगू वाचाले."

त्या बाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि तेच आम्हांस अधिक बोचले. तिने आमचा निवाडा मान्य करून टाकला होता. 'शुद्ध' हा शब्द आम्ही कोणत्या अधिकाराने उच्चारला, या प्रश्नाने आम्हांस सेमिनरीच्या दिवसांपासून जपलेल्या पुस्तकांकडे आणि टिपणांकडे परत नेले. भाषेचे नियम लिहून ठेवण्याचा उद्योग आपल्या भागात प्रथम कोणी केला, कशासाठी केला आणि त्याचे पुढे काय झाले, याचा हा धावता परामर्श आहे.

आरंभ आपल्या घरापासूनच करावा लागतो. 1640 साली गोव्यात साष्टीतील राचोल येथे येशूसंघीयांच्या छापखान्यात 'आर्ते द लिंग्वा कानारी' नावाचे पोर्तुगीज पुस्तक छापले गेले. 'कानारी' हे तेथील कोकणीला परकीयांनी दिलेले नाव. मूळ कर्ते फादर थॉमस स्टीफन्स, म्हणजे आपल्या 'ख्रिस्तपुराणा'चे कवी. जन्माने इंग्रज असलेले हे धर्मगुरू 1579 साली गोव्यास आले आणि 1619 साली तेथेच निवर्तले. त्यांच्या पश्चात फादर दियोगु रिबेरो यांनी पुस्तकात भर घातली, आणखी चौघा धर्मगुरूंनी ते तपासले आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी ते छापून निघाले. भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. तमिळचे व्याकरण फादर एन्रिक एन्रिकेश यांनी सोळाव्या शतकातच लिहिले होते, पण ते हस्तलिखितात राहिले.

टीकाकाराच्या दृष्टीने पाहता या ग्रंथाचा साचा उसना आहे. त्या काळी येशूसंघाच्या विद्यालयांतून मानुएल आल्वारिश यांचे 1572 सालचे लॅटिन व्याकरण शिकविले जाई आणि त्याच चौकटीत साष्टीची बोली बसविलेली आहे. लॅटिनमध्ये जे खण होते ते सगळे भरावयाचे, मग बोलीला त्यांची गरज असो वा नसो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. स्टीफन्स यांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकाच्या, 1622 साली छापलेल्या 'दौत्रीना'च्या, शीर्षकातच ती भाषा 'ब्राह्मण कानारी' असल्याचे म्हटले आहे. शेतात राबणाऱ्या कुळवाड्याची बोली कानावर पडत असतानाही पुस्तकात प्रतिष्ठितांची बोली बसली. आणि महाकाव्य रचण्याची वेळ आली तेव्हा या कवीने साहित्यात प्रतिष्ठा पावलेली मराठी निवडली. 1616 सालचे ते सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण आपणा सर्वांचा अभिमान आहे. पण बोलीभाषांची उतरंड त्या काळीही होती आणि आपले थोर पूर्वज तिच्याबाहेर नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

इतके दोष सांगूनही या ग्रंथापुढे आमचे मस्तक नम्र होते, कारण त्याच्या मुळाशी कान आहे. हे व्याकरण ज्यांना भाषा येत नव्हती त्यांच्यासाठी लिहिले गेले. साष्टीच्या लोकांना त्यांची भाषा शिकविण्याचा आव त्यात नाही. आपण त्यांच्याकडून काय शिकलो, याची ती नोंद आहे. ट, ण, ळ हे उच्चार रोमन अक्षरांत नाहीत. ते लिहिण्याची युक्ती शोधणाऱ्याला आधी ते उच्चार ऐकू यावे लागतात. 'न' आणि 'ण' यांतील भेद एक परदेशी माणूस लहान मुलासारखा कान देऊन टिपत होता. आम्ही मात्र तोच भेद एका लहान मुलीच्या अंगावर फेकला.

स्टीफन्स यांचा एक समकालीन सहोदर दूर युरोपात हेच काम करीत होता. आड्रियाटिक समुद्रातील पाग बेटावर 1575 साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू बार्तोल काशिच यांनी 1604 साली रोममध्ये क्रोएशियन भाषेचे पहिले व्याकरण छापले. त्या काळी त्या भाषेस 'इलिरियन' म्हणत. हा ग्रंथ लॅटिनमध्ये होता, साचा लॅटिनचाच होता आणि हेतूही तोच : मिशनकार्यास निघालेल्या धर्मगुरूंना लोकांची भाषा यावी. योगायोग असा की राचोलला 'आर्ते' छापले गेले त्याच 1640 साली काशिच यांचा उपासनाविधीचा ग्रंथ रोममध्ये प्रसिद्ध झाला.

क्रोएशियन भाषेची कहाणी आम्हांस खानदेशात बसून फार जवळची वाटते. तेथील तीन मुख्य बोलींना 'काय?' या अर्थाच्या शब्दांवरून नावे पडली आहेत. कोणी 'श्तो' म्हणतो, कोणी 'चा' म्हणतो, आणि राजधानी झाग्रेबच्या परिसरातील माणूस चक्क 'काय' म्हणतो. काशिच यांची मातृबोली 'चा'वाली. तरीही उपासनाग्रंथासाठी त्यांनी बोस्नियाकडील 'श्तो'ची बोली जवळ केली, कारण ती सर्वाधिक लोकांना समजत होती. पुढे दोन शतकांनी ल्युडेव्हिट गाय यांनी 1830 साली लेखनपद्धती सुधारली. 'च', 'श' यांसारख्या उच्चारांसाठी त्यांनी अक्षरांवर चिन्हे देण्याची रीत सुचविली आणि 1836 पासून आपले साप्ताहिक 'श्तो'वाल्या भाषेत काढले. गाय स्वतः 'काय'च्या मुलखातले. देश विखुरलेला, राज्यकर्ते परके. सर्वांना जोडणारी एक भाषा हवी म्हणून त्यांनी आपल्या मुलखाची बोली बाजूस ठेवली. त्या त्यागाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण ज्या 'काय' बोलीत पूर्वी ग्रंथ छापले जात होते, ती हळूहळू स्वयंपाकघरात आणि गाण्यांत उरली. बरोबर शंभर वर्षांनी, 1936 साली, मिरोस्लाव क्रलेझा या थोर लेखकाने त्याच बोलीत एक काव्यग्रंथ रचला, आणि ज्या बोलीला गावठी ठरविले होते तिच्यात केवढी धग आहे हे जाणकारांच्या ध्यानी आले.

1836 हे साल मराठीच्याही इतिहासात ठळक आहे. त्याआधी 1805 साली विल्यम केरी यांनी श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण इंग्रजीत काढले होते. 1831 साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आला. या दोन्ही कामांचा वाचक मुख्यत्वे परका माणूस होता. 1836 साली दादोबा पांडुरंग या बावीस वर्षांच्या तरुणाने 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' मराठीत प्रसिद्ध केले. आता मराठी माणूस मराठी माणसाला मराठीचे नियम सांगू लागला. हा वळणाचा क्षण होय. दादोबांची बुद्धी स्वतंत्र होती, त्यांची भाषा प्रसन्न होती आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण भाषा ज्याची आहे त्यालाच तिचे नियम सांगावयाचे म्हटले की व्याकरणाचा सूर पालटतो. 'लोक असे बोलतात' या वाक्याच्या जागी 'असे बोलावे' हे वाक्य येते, आणि मग 'असे कोणी बोलावे?' या प्रश्नाचे उत्तर शाळाखात्याच्या आणि पुण्याच्या पंडितमंडळींच्या हाती जाते.

उसन्या साच्याचा रोग येथेही सुटला नाही. शाळेतील विभक्तीचा तक्ता आठवावा. द्वितीयेचे प्रत्यय 'स, ला, ते' आणि चतुर्थीचेही तेच. संस्कृतात दोन खण होते म्हणून मराठीतही दोन ठेवले आणि दोहोंत एकच माल भरला. मोरो केशव दामले यांनी 1911 साली आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या शास्त्राची मोठी चिकित्सा केली, नंतरच्या अभ्यासकांनीही केली. तक्ता मात्र मुलांच्या पाठांतरात टिकला. रावेरचे मूल घरी 'मले', 'तुले', 'वाचाले' म्हणते. त्याचा 'ले' त्या तक्त्यात कोठेच नाही. 'ला' जे काम करतो तेच 'ले' करतो, तितक्याच नियमाने करतो. लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो : डोळा म्हणजे डोया आणि ज्या पिकावर हा तालुका जगतो ती केळी म्हणजे केयी. 'ण'चा 'न' होतो. हे सगळे बिनचूक आणि सर्वत्र सारखे घडते. नियम म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? त्या मुलीने उताऱ्यात एकदाही चूक केली नव्हती. तिने आपल्या व्याकरणाचा नियम प्रत्येक वेळी पाळला होता.

खानदेशच्या वाट्यास ही उपेक्षा थोडी अधिकच आली. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या 1907 साली निघालेल्या खंडात 'खानदेशी' मराठीपासून निराळी काढून भिल्ल भाषांच्या शेजारी बसविली आहे. वर्गीकरण बरोबर की चूक हा तज्ज्ञांचा वाद आहे. परंतु 'आहे'ला 'शे' म्हणणारी अहिराणी, लेवा बोली आणि सातपुड्यातील पावरा-भिल्लांच्या बोली यांना पुस्तकी मराठीच्या दारात बराच काळ ताटकळावे लागले हे खरे. अशा वेळी आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि इतर आप्तांनी टिपून ठेवली. 1951 साली त्या वारल्या आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी प्रसिद्ध झाली. कोणा घरच्या माणसाने 'आधी शुद्ध करू, मग लिहू' असे म्हटले असते, तर आज आपल्या हाती काय राहिले असते? ऐकणाऱ्याने जसे ऐकले तसे लिहिले, म्हणून ते धन वाचले. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठास या निरक्षर बाईचे नाव आहे.

मग प्रमाणभाषा नको काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले, 1972 साली त्यांत भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, 'कांहीं'चे 'काही' झाले आणि लाखो मुलांच्या मानेवरचे जू हलके झाले. कानाचे ऐकून नियम बदलता येतो, याचेच ते उदाहरण होय. वसईत घरी सामवेदी वा वाडवळी बोलणारे कुटुंब आणि रावेरात लेवा बोलणारे कुटुंब एकाच गीतपुस्तकातून गाते, हे प्रमाणभाषेचे देणे आहे. ती सर्वांचा हमरस्ता आहे. हमरस्त्यावर यावयाचे म्हणून आपले अंगण घाण आहे असे कोणी कबूल करावयाचे नसते. मराठीला 2024 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. त्या अभिजाततेत 'पानी' म्हणणाऱ्यांचा वाटा किती, हेही कधी विचारावे.

हा विचार आपल्या ख्रिस्तसभेने तर विसरूच नये. राचोलचे व्याकरण छापल्यास अर्धशतकही झाले नाही तोच, 1684 साली, गोव्याच्या पोर्तुगीज राजप्रतिनिधीने हुकूम काढला : लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. त्या हुकमामागे काही धर्मसंघीयांचाही आग्रह होता. ज्या परंपरेने कान दिला, तिच्याच अंगणात तोंड बंद करण्याचा हुकूम निघाला. 1857 साली कुन्य रिव्हारा यांनी 'आर्ते' पुन्हा छापून कोकणीची बाजू मांडली, तोवर पावणेदोनशे वर्षे उलटली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेत लोकभाषेस दार उघडले. पण लोकभाषा म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न प्रत्येक धर्मगुरूपुढे दर रविवारी नव्याने उभा राहतो.

शुभवर्तमानात प्रमुख याजकाच्या अंगणातील तो प्रसंग आहे. शेकोटीजवळ उभ्या असलेल्या पेत्राला लोकांनी ओळखले ते त्याच्या बोलण्यावरून. गालीलकरांची बोली यरुशलेमेत लपत नसे. ज्याच्या हाती मेंढरे सोपविली गेली तो गावठीच बोलत होता, ही गोष्ट आम्ही कित्येकदा वाचली होती. तिचा अर्थ आम्हांस एका मुलीने मागच्या रांगेत बसून शिकविला.

आम्ही तिच्या घरी जाऊन चूक कबूल केली. आई संकोचून हसली, चहा दिला. मुलगी अद्याप वाचावयास पुढे आलेली नाही आणि आम्हीही तिला आग्रह केलेला नाही. मात्र एक वही घातली आहे. मृगबाग आणि कांदेबाग यांच्या कामांतून सवड मिळेल तेव्हा तिची आई आणि आजी आम्हांस शब्द सांगतात आणि आम्ही ते जसेच्या तसे उतरवून घेतो. पहिल्या पानावर पहिला शब्द आहे 'पानी'.