लिंबूवर्गीय झाडांचे जनुकीय निदान : एक परीक्षण

पिंपरी येथे 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्याचे 'स्ट्रेप्टोसायक्लिन' लिंबावरील खैऱ्या रोगामुळे बागाइतदारांच्या चांगलेच परिचयाचे झाले. खैऱ्याचे खरबरीत डाग पान, फांदी व फळ यांवर उघड दिसतात. तेथे अनुभवी डोळ्याचे निदान बहुधा पुरेसे ठरते. ग्रीनिंग रोगाची स्थिती निराळी आहे, आणि जनुकीय निदानपद्धतीची परीक्षा याच रोगावर करणे उचित होय.

ग्रीनिंगमुळे पानांवर पडणारे पिवळट चट्टे जस्ताच्या कमतरतेचे वाटतात. मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस ते सारखे नसतात, एवढाच भेद. तोही प्रारंभी अस्पष्ट असतो. सिट्रस सायला ही कीड भारतात या रोगाचा प्रसार करते, हे कपूर, राव व विश्वनाथ या पुण्यातील संशोधकांनी 1967 साली दाखविले. परंतु रोगाशी निगडित जीवाणू कृत्रिम माध्यमावर शुद्ध स्वरूपात टिकवून वाढविणे अद्यापि साधलेले नाही. म्हणूनच त्याच्या नावामागे 'कँडिडाटस' हे उपपद लागते. जनुकीय पद्धतीचे श्रेय येथेच आहे. जो जीवाणू वाढविता येत नाही, त्याच्या डी. एन. ए.च्या विशिष्ट तुकड्याच्या असंख्य प्रती करून त्याचे अस्तित्व ओळखता येते. सूचक झाडावर कलम करून लक्षणांची वाट पाहण्यात जेथे महिने जात, तेथे आता काही तास पुरतात.

तथापि या उत्तराचा अर्थ लावताना घाई होते. हा जीवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत विषम प्रमाणात पसरलेला असतो. एका फांदीत तो सापडावा आणि शेजारच्या फांदीत सापडू नये, असे घडते. चार पानांवरून दिलेला निर्दोषतेचा निर्वाळा त्या चार पानांपुरताच खरा मानावा लागतो. उलट, मृत जीवाणूचा डी. एन. ए.ही परीक्षेत प्रकट होऊ शकतो. शिवाय जीवाणू आढळला म्हणून झाडाच्या ऱ्हासाचे सर्व कारण हाती आले असे होत नाही. ट्रिस्टेझा विषाणू, डिंक्या व पाण्याचा अपुरा निचरा हीही कारणे त्याच बागेत एकत्र नांदतात.

ग्रीनिंगवर खात्रीचा उपाय नसल्यामुळे फळावर आलेल्या बागेतील परीक्षा बहुधा झाड उपटण्याच्या निर्णयाशीच येऊन थांबते. रोपवाटिकेत तिचे मोल कितीतरी अधिक आहे. नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात; एका मातृवृक्षाच्या डोळकाड्यांतून शेकडो रोपे होतात, आणि मातृवृक्ष रोगट असल्यास किडीच्या आधी रोपच रोग दूरच्या गावी नेते. रोप फळास येण्यास वर्षे लागतात. तोवर शेतकऱ्याची जमीन, पाणी व भांडवल त्यात गुंतलेले असते. यासाठी मातृवृक्षाच्या अनेक फांद्यांचे नमुने भिन्न ऋतूंत पुनःपुन्हा तपासणे आणि त्यास किडीपासून जाळीगृहात राखणे अगत्याचे आहे.

पिकांवरील स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचा वापर थांबविण्याविषयीचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये काढला. औषधाचा आधार असा आक्रसत असता निदानावरील भार वाढणार, हे उघड आहे. पदव्युत्तर प्रबंधांत परीक्षेच्या सूक्ष्मतेचे आकडे तपशिलाने येतात. नमुना कोणत्या फांदीचा, कोणत्या महिन्यातील व किती झाडांमागे घेतला, याचीही नोंद त्यांत तितक्याच काटेकोरपणे यावयास हवी.