डीजेचा कान : पीनट बटर वुल्फ आणि स्टोन्स थ्रो
हिप हॉपचा आरंभ १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात झाला तो डीजेच्या हातून, एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून वाजवत त्यातला तालवाद्यांचा तुकडा लांबवत नेण्याच्या युक्तीतून. पुढे रॅप, म्हणजे तालावर म्हटली जाणारी यमकबद्ध रचना, बाजारात चालू लागली आणि डीजे मागे पडला. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील ख्रिस मॅनॅक ऊर्फ पीनट बटर वुल्फ याची कारकीर्द महत्त्वाची ठरते ती त्याच्या वादनापेक्षा, जुन्या तबकड्यांच्या ढिगातून नेमकी तबकडी उचलण्याची डीजेची पारख त्याने प्रकाशनव्यवहारात आणली म्हणून.

या प्रवासाच्या मुळाशी एक मृत्यू आहे. वुल्फचा जोडीदार, रॅपर कॅरिझ्मा, १९९३च्या डिसेंबरमध्ये गोळीबारात मारला गेला, तेव्हा डिस्नीच्या मालकीच्या एका उपकंपनीसाठी दोघांनी केलेले काम अप्रकाशितच होते. वुल्फने १९९६ साली ‘स्टोन्स थ्रो’ ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित करणारी संस्था, म्हणजे लेबल, काढली आणि पहिली तबकडी या जोडीचीच काढली. मोठ्या कंपन्यांच्या भांडवलावर आणि रेडिओच्या मर्जीवर न विसंबता चालणाऱ्या ज्या हिप हॉपला ‘अंडरग्राउंड’ म्हणतात, त्याचे हे एक ठळक केंद्र बनले.

वुल्फच्या पारखीचा खरा कस मॅडलिब या संगीतकाराच्या बाबतीत लागला. मॅडलिबने संथ गतीवर रॅप करून ध्वनिफीत वेगाने फिरवली, त्यातून जो चिरका, खट्याळ आवाज निघाला त्याला क्वासिमोटो असे नाव दिले, आणि हे काम प्रसिद्ध व्हावे असा आग्रह वुल्फने धरला. २०००चा ‘द अनसीन’ हा संग्रह त्यातून आला. २००४च्या ‘मॅडव्हिलनी’ या संग्रहात मॅडलिबने ब्राझीलमधील मुक्कामात छोटा सॅम्पलर, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणारे यंत्र, आणि सोबत नेता येईल असा टर्नटेबल एवढ्यावर बरेचसे ताल रचले. त्या तालांवरच्या रॅपर एमएफ डूमच्या शब्दांना जवळपास कुठेच ध्रुवपद नाही, आणि ‘अकॉर्डियन’ ही रचना तर दोन मिनिटेही न भरता थांबते. रेडिओच्या साच्यात न बसणारी ही तुटकता एखाद्या व्यापारी संपादकाने भरून काढायला लावली असती. वुल्फने ती तशीच राहू दिली, आणि तिथेच त्याची थोरवी दिसते.

स्टोन्स थ्रोनेच काढलेल्या, तालरचनाकार जे डिला याच्या ‘डोनट्स’मध्ये तर शब्दांची गरजच उरत नाही. रक्ताच्या दुर्मीळ विकाराशी झुंजत त्याने पूर्ण केलेला हा ३१ तुकड्यांचा संग्रह ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला आणि तीनच दिवसांनी डिला गेला. पहिल्या तुकड्याला समारोपाचे नाव, शेवटच्याला स्वागताचे, आणि शेवटाचा स्वर पुन्हा आरंभाला जाऊन मिळतो. केवळ तालरचना हीदेखील स्वतंत्रपणे ऐकण्याची कलाकृती असू शकते, हे त्यानंतर वेगळे सिद्ध करावे लागले नाही. पुढे मेयर हॉथॉर्न, अ‍ॅलो ब्लॅक यांच्या सोल, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या भावोत्कट शैलीतील, गायनाने संस्थेला मोठा श्रोतृवर्ग मिळाला. ती गाणी श्रवणीय आहेत, परंतु जुन्या शैलीचे नेटके पुनरुज्जीवन करण्यापलीकडे ती फारशी जात नाहीत.

या कर्तृत्वाची एक उणी बाजू भारताला स्पर्श करते. २००१च्या ‘द फंकी सिक्स्टीन कॉर्नर्स’ या संकलनात संस्थेने विस्मृतीत गेलेल्या फंक या तालप्रधान शैलीतील अमेरिकी वाद्यवृंदांना नावानिशी आणि इतिहासासह पुढे आणले. २००७च्या ‘बीट कंडक्टा इन इंडिया’मध्ये मात्र मॅडलिबने हिंदी चित्रपटसंगीताचे तुकडे वापरले आणि आरंभीच्याच रचनेच्या शीर्षकात झणझणीत करी आणून ठेवली. तालाच्या अंगाने हे काम रसरशीत आहे. ढोलक आणि व्हायोलिनचा ताफा त्याने ज्या चपळाईने कापला आहे त्याला दाद द्यावीच लागते. परंतु मुंबईचे ते वाद्यवृंद सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय संगीत संयोजकांनी घडवले होते, आणि त्यांच्या पिढीतल्या वादक-संयोजकांना मूळ चित्रपटांच्या श्रेयनामावलीतही क्वचितच जागा मिळाली. अमेरिकी फंकवादकांसाठी घेतलेले कष्ट या वादकांसाठीही घ्यायला हवे होते, कारण नावे शोधून काढण्याची हातोटी या संस्थेकडे सहा वर्षे आधीपासून होती.