डग्ग्याची मींड कुठे तुटते? झाडीपट्टीच्या मंचावरचा सबवूफर आणि क्रॉसओव्हर



मंडईचा हंगाम आताच सरला आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानात अजून एखादं नाटक असेल, आमच्याही आहे. आज मात्र बोलायचं आहे ते नाटकाच्या आवाजाबद्दल. आपल्याकडे नाटकावर लिहिलं-बोललं जातं तेव्हा संहिता येते, अभिनय येतो, गाणी येतात. स्पीकर येत नाहीत. ते 'साउंडवाल्याचं काम' म्हणून आपण सोडून देतो. आमचं म्हणणं असं, की झाडीपट्टीत ते सोडून देता येत नाही. धान निघालेल्या बांधीत कनाती लागतात, माणसं पोतं-चादर टाकून बसतात, आणि शेवटच्या ओळीतल्या माणसापर्यंत नट पोचतो तो फक्त स्पीकरमधून. तो स्पीकर कसा बोलतो, हाही नाटकाचाच भाग झाला.

एक प्रसंग सांगतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं एक गाव. आम्ही तिघं होतो. एकजण तबला वाजवणारा, एकजण रेडिओ-अ‍ॅम्प दुरुस्त करणारा, आणि तिसऱ्याला नुसतं नाटकाचं वेड. नाटक चांगलं होतं. दुसऱ्या अंकात बाप मुलीशी बोलतो, खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटत. तो प्रवेश नटानं फार जिव्हाळ्यानं केला, असं पुढं बसलेले सांगत होते. आम्ही मागं होतो. आम्हाला एक गुरगुर ऐकू आली आणि त्याच्या पायांचे ठोके. फळ्यांवर पाय पडला की धप्प, वळला की धप्प. शेजारच्या आजी म्हणाल्या, ''काय म्हनते जी तो?'' आम्हाला सांगता आलं नाही.

सामान कमी होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. मंचाच्या दोन्ही बाजूंना टॉप, खाली जमिनीवर बेसचे खोके, आणि रॅकमध्ये क्रॉसओव्हर. मध्यंतरात आम्ही जाऊन पाहिलं. त्याचा खटका 200 हर्ट्झच्या आसपास ठेवलेला आणि बेसची पातळी पार वर. रोग आणि औषध एकाच रॅकमध्ये होतं म्हणा ना.

आता क्रॉसओव्हर म्हणजे काय, ते थोडक्यात. आवाजाची वाटणी करणारं यंत्र. अमुक कंपनसंख्येच्या खालचं सबवूफरला, वरचं टॉपला. घरच्या साध्या स्पीकरमध्ये ही वाटणी अ‍ॅम्पच्या नंतर, खोक्याच्या आत, कॉइल आणि कपॅसिटर करतात. ती पॅसिव्ह. अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर अ‍ॅम्पच्या आधी बसतो. मिक्सरमधून आलेला बारीक सिग्नल तो वाटतो आणि प्रत्येक वाट्याला स्वतंत्र अ‍ॅम्प मिळतो. फायदा उघड आहे. वाटणीची जागा बदलता येते, प्रत्येकाची पातळी वेगळी ठेवता येते, आणि टॉपच्या डोक्यावरचं बेसचं ओझं उतरतं. बरेच लोक सबवूफर जोडतात, पण टॉपला मात्र पूर्ण आवाज तसाच देऊन ठेवतात. मग दोघंही तोच खालचा सूर वाजवत बसतात. घरच्या स्टिरिओतही हीच चूक सर्रास होते. सब आणला, त्याच्या मागचं बटण फिरवलं, मुख्य स्पीकरला हातच लावला नाही.

वाटणी कशी करायची, याचं चांगलं उत्तर 1976 पासून उपलब्ध आहे. सिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली या दोघांनी सुचवलेला फिल्टर आज जवळजवळ प्रत्येक डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये असतो. त्याचं सगळ्यात वापरातलं रूप दर सप्तकाला 24 डेसिबलनं उतरतं. वाटणीच्या जागी सब आणि टॉप दोघंही 6 डेसिबलनं खाली असतात, एकाच तालात असतात, आणि दोघांची बेरीज सपाट येते. म्हणजे सांधा कळत नाही.

पण हे कागदावर. मैदानात दोन गोष्टी आडव्या येतात.

पहिली, अंतर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 100 हर्ट्झची एक लाट म्हणजे 3.4 मीटर. बेसचे खोके टॉपच्या 1.7 मीटर पुढे ठेवले, तर त्या जागी एकाची लाट वर आणि दुसऱ्याची खाली. दोघं एकमेकांना खातात. खोके चालू, अ‍ॅम्प गरम, आणि नेमका सांध्यावरचा सूर गायब! मग साउंडवाला काय करतो? बेस वाढवतो. सांध्यावरचा खड्डा तसाच राहतो आणि त्याच्या खालचं सगळं सुजतं. खरा उपाय म्हणजे पुढच्या खोक्याला 5 मिलिसेकंद उशीर देणं. डिजिटल यंत्रात ते एका मिनिटाचं काम आहे.

दुसरी, बेसच्या खोक्यांची मांडणी. मंचाच्या डाव्या टोकाला दोन, उजव्या टोकाला दोन, हे फोटोत छान दिसतं. पण दोन टोकांचा बेस मैदानात पट्टे पाडतो. मधल्या पट्ट्यात छातीत दणका, थोडं बाजूला सरकलं की पोकळ, आणखी सरकलं की पुन्हा दणका. तेच खोके मधोमध एकत्र ठेवले तर बेस पुष्कळ सारखा पसरतो.

आता तबल्याकडे येऊ. आमचा तबलजी मित्र एक परीक्षा सांगतो, आणि आम्हाला ती कुठल्याही मोजपट्टीपेक्षा पटते. डग्ग्यावर मनगट दाबत 'घे' काढला की सूर खालून वर सरकतो. ती मींड साधारण त्याच पट्ट्यात फिरते, जिथं सब आणि टॉपचा सांधा असतो. सांधा नीट असेल तर मींड अखंड ऐकू येते, एका हातातून आल्यासारखी. बिघडलेला असेल तर ती खाली धडाडते, मध्ये बुडते आणि वर पुन्हा उगवते. त्या रात्री नाट्यगीतांच्या मागं तबला होता, आणि डग्गा प्रत्येक वेळी मधेच तुटत होता. वादकाचा हात साफ होता. पुढं जाऊन, स्पीकरशिवाय, आम्ही तो ऐकला.

आणि बापाचा तो प्रवेश? पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 100 ते 150 हर्ट्झमध्ये असतो. वाटणी 200 वर ठेवली की तो मूळ सूर सबकडे जातो, आणि शब्दाची धार, म्हणजे स, त, क ही व्यंजनं, टॉपकडे. गुरगुर मोठी, व्यंजनं लहान. शब्द कळायचा तो व्यंजनांवरून! त्यातून झाडीपट्टीत माईक वरून टांगलेले असतात. ते नटाच्या तोंडापासून लांब आणि फळ्यांचा दणका मात्र इमानानं टिपतात. असा माईक सबमध्ये सोडला की पाय बोलतात आणि माणूस मुका होतो. उपाय जुनाच आहे. बोलण्याच्या माईकला मिक्सरवरचं लो-कटचं बटण दाबा, आणि सबला वेगळी वाट देऊन तिच्यात फक्त डग्गा, पॅड आणि कीबोर्डचा खर्ज सोडा. वाटणी 80 ते 100 च्या दरम्यान आणा.

यावर साउंडवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. आम्ही विचारलं तेव्हा एकजण म्हणाला, ''भाऊ, बेस नाही वाजला तर पोरं म्हणतात सामान हलकं आणलं. पुढच्या वर्षी सुपारी दुसऱ्याला.'' खोटं नाही. तेच सामान लग्नाच्या वरातीत जातं, तिथं दणका हाच माल असतो. नाटकाला लावताना खटके फिरवायला वेळही मिळत नाही. ट्रक येतो, तंबू उभा राहतो, गर्दी जमते. पण मग दोष एकट्या साउंडवाल्याचा कसा? आयोजक खोके मोजून पैसे देतात. शेवटच्या ओळीत शब्द पोचला का, हे कुणी विचारत नाही. आमची तक्रार मुख्यतः या हिशोबाशी आहे.

आणखी एक. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आपली नाटकं उजाडेपर्यंत चालतात, तेव्हा हा धागा किती कच्चा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्या गावापर्यंत काय जातं? व्यंजनं नाही जात. बेस जातो, कारण खालचा सूर हवेत कमी विरतो आणि भिंतीला वळसा घालतो. अधिकाऱ्याच्या हातातलं डीबीए मीटर 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलनं कमी धरतं. म्हणजे आकडा लहान दिसेल, पण खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याला दणका बसेलच. आणि तक्रार माणूस करतो, मीटर नाही.

2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं सांगितलं की झाडीपट्टी ही शब्दांवर आणि गळ्यांवर उभी असलेली रंगभूमी आहे. मग ते शब्द पोचवायची जबाबदारी कुणाची? स्वतःचा आवाज पोचत नाही असं वाटलं की नट ओरडतो. आज एका गावात ओरडतो, उद्या दुसऱ्या गावात. होळीपर्यंत गळा बसतो.

आयोजकांना आमची एवढीच विनंती आहे. पडदा उघडण्याआधी दहा मिनिटं द्या. डग्गा संथ वाजू द्या आणि एका माणसाला मैदानभर फिरवा. सांध्याच्या जागचा एकच सूर लावून सबचं फेजचं बटण इकडे-तिकडे करा, ज्या बाजूला तो सूर मोठा येईल ती ठेवा. मग एका नटाला साध्या आवाजात चार वाक्यं बोलू द्या आणि सब बंद करून पाहा. बंद केल्यावर बोलणं जास्त स्पष्ट झालं, तर समजा बोलणं सबमध्ये शिरलंय. आणि शेवटच्या ओळीतल्या आजींना विचारा, काय म्हणाला तो?

बोलणं पुरे झालं. इथं दोन टॉप, एक सब आणि क्रॉसओव्हर आणलाय, तबलाही आहे. आधी 200 वर ठेवून वाजवतो, मग 90 वर. मागच्या लोकांनी मागंच बसा, तुमचंच मत हवंय.