द्राक्षांचा गांव कोणता?

नाशिकच्या वाइनवर टीकालेख लिहावयाचा म्हटलें, कीं मध्यमवर्गीय वाचक दचकतो. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें आरंभींच सांगतों. आमचा प्रश्न रसिकतेचा, आणि कांहीं अंशीं न्यायाचा आहे.

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील घरांत हापूसची पेटी उघडली, कीं आंबा देवगडचा, रत्नागिरीचा, कीं कर्नाटकांतला, याचा निवाडा नुसत्या वासावर होतो. तांदूळ वाड्याचा कोलम नसेल, तर पहिला घांसच तें सांगतो. ही पारख नुसत्या वाणाची नव्हे, भूमीची आहे. हींच माणसें सुटीच्या दिवशीं कसारा घाट चढून नाशिकचे द्राक्षमळे पाहावयास जातात. पण पेल्यांतला रस कोणत्या शिवारांतला, हें तेथें कोणी सांगत नाहीं, आणि तीं विचारीतही नाहींत.

फ्रान्समध्यें ऱ्होन नदीच्या कांठीं एर्मिताज नांवाची टेकडी आहे. तिच्यावरील मळे सारे मिळून दीडशें हेक्टरही भरत नाहींत. १९३७ पासून हें नांव कायद्यानें रक्षिलेलें आहे. तेथील तांबडी वाइन मुख्यतः सिरा या एकाच द्राक्षाची. तरी बेसारच्या ग्रॅनाइटवरील रस कणखर, शेजारच्या मेआलच्या गोटेमय जमिनींतला अधिक भरदार, असा भेद जाणते करितात.

हेंच सिरा, शिराझ या नांवानें, नाशिकांत पिकतें. येथें जमीन काळ्या कातळाची, उंची सुमारें ६०० मीटर, आणि वेलीस हिंवाळ्याची झोंप नाहीं. पावसाळा सरतांच छाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्यें तोड. ऊन तापूं लागलें, कीं साखर झपाट्यानें चढते, आंबटपणा उतरतो. म्हणूनच थंडी आहे तोंवर तोडलेल्या सॉव्हिन्यों ब्लाँमध्यें आम्हांस या भूमीचा खरा स्वर ऐकूं येतो: हिरव्या मिरचीचा गंध, कैरीची आंबट धार. उलट पुष्कळशा शिराझमध्यें ओकच्या पिंपाचा वास इतका, कीं जमीन त्याखालीं गाडली जाते. परकीय थोरवीचें असलें अनुकरण आम्हांस साहित्यांत खटकतें, तसेंच येथेंही.

‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवास भौगोलिक निर्देशन मिळालें आहे. पण तें ‘कोंकणचा आंबा’ म्हणण्यासारखें झालें. १९९९ सालीं स्थापन झालेल्या सुलानें ‘दिंडोरी रिझर्व्ह’ शिराझ काढून एक पाऊल पुढें टाकलें, हें मान्य केलें पाहिजे. तथापि दिंडोरी हा तालुका आहे, शिवार नव्हे. २००८ नंतरच्या मंदींत ज्या शेतकऱ्यांनीं वाइनच्या द्राक्षवेली उपटून टाकल्या, ते अशाच निनांवी शिवारांतले होते. ज्याचें नांवच ठाऊक नाहीं, तो नाहींसा झाला तरी पिणारास त्याची उणीव भासत नाहीं.

बाटलीवर गांव छापावा, एवढेंच आमचें मागणें आहे. तेणेंकरून टीकेस आधार मिळेल, आणि पिकविणारास त्याचा मान. तोंवर आमच्या वाचकांनीं पेल्यापुढें परभाषेंतील विशेषणें जुळवीत बसण्यापेक्षां, आंब्याच्या पेटीपुढें विचारतात तोच साधा प्रश्न विचारावा: हीं द्राक्षें कुठलीं?