चित्रकथेतील श्रेय आणि अनाम हात

प्रास्ताविक

गोदाकाठची पंचवटी नाशिककरांना रामकुंड, सीतागुंफा आणि काळाराम मंदिर यांमुळे परिचित आहे. परंतु देशभरातील असंख्य मुलांनी पंचवटी प्रथम पाहिली ती चित्रकथेत. 'अमर चित्रकथा' मालिकेतील 'राम' या अंकाची चित्रे पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी काढली होती. या मालिकेच्या वाचकांना संपादक अनंत पै यांचे नाव सहज आठवते, मुळीकांचे क्वचितच. ही विस्मृती केवळ बालवाचकांची नाही, ती अभ्यासकांचीही आहे. चित्रकथेचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न नैतिक व कायदेशीर आहेच. परंतु त्याआधी तो समीक्षेचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

चित्र : सजावट की निवेदन?

कथेसोबत छापलेले चित्र गाळले तरी कथा उरते. चित्रकथेतून चित्र गाळले तर काहीच उरत नाही. पंचवटीतील कांचनमृगाचा प्रसंग घ्यावा. सीतेला मृग दिसला, एवढे संहिता सांगते. तो मृग किती जवळ दिसावा, त्याच चौकटीत लक्ष्मणाच्या मुद्रेवर संशय उमटावा की नाही, राम निघून गेल्यावर पर्णकुटी किती एकाकी भासावी, या निर्णयांतून प्रसंगाचा अर्थ घडतो. संहितेत चौकटींविषयी सूचना असल्या, तरी त्यांना दृश्यरूप देताना चित्रकार कथा नव्याने सांगत असतो. या अर्थाने तो सहलेखक ठरतो. त्याचे नाव वगळून केलेली समीक्षा अर्ध्या संहितेचीच समीक्षा होय.

नाव दिले, तरी पुरेसे काय?

१९६७ मध्ये अनंत पै यांच्या पुढाकाराने इंडिया बुक हाउसने सुरू केलेल्या 'अमर चित्रकथे'ला या बाबतीत न्याय द्यावयास हवा. तिच्या अंकांत संहितालेखक व चित्रकार यांची नावे सामान्यतः छापली जात. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही नावे त्यामुळेच आज उपलब्ध आहेत. मात्र रंग भरणारे आणि संवादांच्या फुग्यांत अक्षरे लिहिणारे हात बहुधा अनामच राहिले.

१९८० मध्ये सुरू झालेल्या 'टिंकल'मधून प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. शिकारी शंभूला रूप दिले वसंत हळबे यांनी. पुढे ते काम सॅव्हिओ मस्कारेन्हस यांच्याकडे आले. सुपंडी वाईरकरांनी घडविला. त्यांच्यानंतर त्यांची कन्या अर्चना आंबेरकर यांनी तो चितारला. पात्र टिकावे म्हणून उत्तराधिकारी चित्रकाराला आपला हात पूर्वसुरींच्या हातात मिसळून टाकावा लागतो. येथे नाव लपविलेले नाही. तरीही वाचकाला बदल जाणवू नये, हीच या कामाची कसोटी असते. कलावंताच्या अदृश्यतेची मागणी अशा रीतीने व्यवसायाच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

वेताळामागील हात

ही मागणी टोकाला गेली की 'घोस्ट आर्टिस्ट', म्हणजे दुसऱ्याच्या नावाआड राबणारा चित्रकार, निर्माण होतो. १९६४ ते १९९० या काळात प्रसिद्ध झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून मराठी वाचकांना भेटलेला वेताळ हे याचे बोलके उदाहरण आहे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेल्या या पात्राची चित्रे आरंभी रे मूर काढीत. मूर युद्धसेवेत गेल्यावर विल्सन मॅकॉय यांनी ती काढली. परंतु त्यांचे नाव पुढे यावयास काही वर्षे जावी लागली. १९६१ नंतरच्या साय बॅरी यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीतही पेन्सिलीचे बरेचसे काम जॉर्ज ओलेसेन यांनी दीर्घकाळ निनावीपणे केले. पिढ्यान्पिढ्या मुखवटा चढवून अमर भासणारा नायक आणि त्याला चितारणारे अनाम हात, यांतील साम्य अर्थपूर्ण आहे.

अमेरिकेतील 'बॅटमन'चा इतिहास अधिक कठोर आहे. १९३९ मध्ये अवतरलेल्या या पात्राच्या घडणीत लेखक बिल फिंगर यांचा मोठा वाटा होता. पण करारानुसार नाव झळकत राहिले ते बॉब केन यांचे. शेल्डन मोल्डॉफ यांनी तर वर्षानुवर्षे केन यांच्या नावाने चित्रे काढली. फिंगर १९७४ मध्ये निवर्तले; अधिकृत श्रेय त्यांना २०१५ मध्ये मिळाले.

श्रेय आणि स्वामित्व

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ या दोन गोष्टींत भेद करतो. कलम १७ अन्वये नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचे स्वामित्व सामान्यतः मालकाकडे जाते. परंतु कलम ५७ नुसार स्वामित्व हस्तांतरित झाले तरी कर्तृत्व सांगण्याचा हक्क निर्मात्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निर्मात्याचे हे विशेष हक्क ठामपणे मान्य केले. त्यापूर्वी १९८८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने 'बोबनुम मोळियुम'चे जनक टॉम्स यांना नोकरी सोडल्यानंतरही आपली पात्रे रेखाटण्यास मुभा दिली. म्हणजे कायद्यात वाट आहे. मात्र ती चालून जाण्याचे बळ पानामागे मोबदला घेणाऱ्या चित्रकाराकडे क्वचितच असते.

एक आक्षेप

भारतीय परंपरेत कलावंत स्वेच्छेने अनाम राहिला, मग आजच नावाचा आग्रह का, असा आक्षेप संभवतो. काळाराम मंदिर उभारणारे सरदार रंगराव ओढेकर सर्वांना ठाऊक आहेत. पाथरवटांची नावे लोकस्मृतीत नाहीत. परंतु यातून अनामिकतेची महती सिद्ध होत नाही. नाव टिकते ते आश्रयदात्याचे, एवढेच सिद्ध होते. शिवाय मराठी परंपरेचा दुसरा प्रवाह आहे नाममुद्रेचा. नामदेव, जनाबाई, चोखामेळा, तुकाराम यांनी अभंगात आपली नावे गुंफली. त्यांच्या मुद्रेने इतरांनीही रचना केल्या, म्हणूनच आपण अस्सल व प्रक्षिप्त यांची चिकित्सा करतो. शब्दांबाबत जी दक्षता आपण घेतो, ती रेषेबाबत घेत नाही, ही आपल्या समीक्षेची उणीव आहे.

समारोप

न्यायालयीन लढा प्रत्येक चित्रकाराला शक्य नाही. अचूक नोंद मात्र आपल्या हाती आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी चित्रकथांची नोंद करताना संपादकाबरोबर संहितालेखक व चित्रकार यांचीही नावे घ्यावीत. शोधनिबंधात चित्रकथेचा निर्देश करताना हाच नियम पाळावा. रेखाटन, शाई, रंग व अक्षरलेखन करणाऱ्या ज्येष्ठ कलावंतांच्या मुलाखती मराठी, कला व इतिहास विभागांनी एकत्रितपणे ध्वनिमुद्रित कराव्यात. कारण हे ज्ञान छापील पानावर नाही, हयात असलेल्या माणसांच्या स्मरणात आहे. त्या स्मरणाबरोबर रेषेचा इतिहासही नाहीसा होणार असल्याने हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.