प्रारंभिक पुस्तकाचे प्रकाशन आणि प्रसार : ‘थिंक पायथन’ची समीक्षा

सारांश : संगणकीय भाषेची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाचे यश बहुधा त्याच्या विषयमांडणीवरून मोजले जाते. प्रस्तुत लेखात ॲलन डाउनी यांच्या ‘थिंक पायथन’ या पुस्तकाची मांडणी, प्रकाशन आणि प्रसार यांचा एकत्रित विचार केला आहे. या पुस्तकाचा प्रसार जाहिरातीपेक्षा अध्यापकांना मिळालेल्या फेरबदलाच्या अधिकारामुळे झाला आणि मराठीतील अशा लेखनासाठीही तोच अधिकार निर्णायक ठरतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : प्रारंभिक पुस्तक, पायथन, परवाना, रूपांतर, मराठी माध्यम.

प्रस्तावना :

कथा, कविता वा नाटक यांच्या पुस्तकांची परीक्षणे नियमाने होतात. ज्या पुस्तकावरून विद्यार्थी पहिली आज्ञावली लिहावयास शिकतो, त्याची समीक्षा मात्र क्वचितच होते. असे पुस्तक ‘क्रमिक’ या सदरात टाकले की त्याविषयी अधिक बोलण्याची गरज उरत नाही, असा एक समज आहे. वस्तुतः संगणकीय भाषेचा प्रसार तिच्या प्रारंभिक पुस्तकावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’. प्रेंटिस-हॉलने १९७८ मध्ये काढलेले हे पुस्तक अडीचशे पृष्ठांच्या आत संपणारे होते. ‘सी’ भाषेचे अमेरिकी प्रमाणक १९८९ मध्ये निश्चित झाले. तोपर्यंत या पुस्तकाचे परिशिष्टच व्यवहारात प्रमाण मानले जात होते. पडद्यावर अभिवादनाचे दोन शब्द उमटविणारी पहिली आज्ञावली ही जगभरच्या वर्गांतील प्रथा या पुस्तकामुळेच रूढ झाली. मात्र हे पुस्तक भाषेच्या कर्त्यांपैकी एकाचे होते. त्याच्या अधिकाराला भाषेच्या अधिकाराचे पाठबळ होते. सामान्य महाविद्यालयातील अध्यापकाने लिहिलेल्या पुस्तकाला असे पाठबळ नसते. ते वाचकांपर्यंत पोहोचते कसे, हा प्रश्न म्हणूनच अधिक विचारार्ह आहे.

पुस्तकाची जडणघडण :

जानेवारी १९९९ मध्ये डाउनी हे जावा या भाषेचा प्रारंभिक अभ्यासक्रम पुन्हा शिकविण्याची तयारी करीत होते. तो त्यांनी आधी तीनदा शिकविला होता. अनुत्तीर्णांचे प्रमाण अधिक होते आणि उत्तीर्ण झालेल्यांचीही प्रगती समाधानकारक नव्हती. उपलब्ध पुस्तके जाडजूड होती. त्यांत भाषेचे तपशील भरपूर आणि आज्ञावली कशी रचावी याचे मार्गदर्शन अल्प, अशी स्थिती होती. आरंभीची प्रकरणे सोपी, पण चार-पाच प्रकरणांनंतर विद्यार्थ्याच्या पायाखालची जमीन सरकावी असा त्यांचा चढ होता. अध्यापन सुरू होण्यास दोन आठवडे उरले असताना डाउनी यांनी स्वतःच पुस्तक लिहिण्याचे ठरविले.

त्यामागील तत्त्वे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केली आहेत. पुस्तक छोटे असावे, कारण न वाचलेल्या पन्नास पृष्ठांपेक्षा वाचलेली दहा पृष्ठे बरी. प्रत्येक संज्ञा प्रथम येते तेथेच तिची व्याख्या द्यावी. अवघड विषयांचे लहान टप्पे पाडावेत. आणि भाषेचा आवश्यक तेवढाच भाग घेऊन भर आज्ञावली-रचनेवर द्यावा. ही तत्त्वे पुस्तकात प्रत्यक्ष पाळलेली दिसतात. प्रकरणाच्या शेवटी संज्ञांची सूची येते आणि चुका शोधून दुरुस्त करण्याविषयी स्वतंत्र विवेचन येते. चूक होणे हा शिकण्याचा नित्याचा भाग आहे ही जाणीव त्यामुळे आरंभापासून रुजते. विषय वगळण्याचे धैर्य हा या पुस्तकाचा मोठा गुण आहे. अभ्यासक्रमातील प्रत्येक उपघटकाला पृष्ठे वाटून देण्याची सवय जडलेल्या क्रमिक पुस्तकांत हा गुण दुर्मिळ असतो.

प्रकाशन आणि प्रसार :

हे पुस्तक डाउनी यांनी ग्नू मुक्त दस्तऐवज परवान्याखाली खुले केले. या परवान्यानुसार कोणासही पुस्तकाच्या प्रती काढता येतात, त्यात बदल करता येतात आणि बदललेली प्रत त्याच अटींवर वितरित करता, अगदी विकताही येते. पुस्तकाच्या प्रसाराचे सारे रहस्य या तरतुदीत आहे.

व्हर्जिनिया राज्यातील जेफ एल्कनर हे माध्यमिक शाळेतील शिक्षक. त्यांनी हे पुस्तक स्वीकारले आणि पुढे त्याचे जावा भाषेतून पायथन भाषेत रूपांतर केले. ती प्रत त्यांनी डाउनी यांच्याकडे पाठविली आणि मूळ लेखकाला स्वतःच्याच पुस्तकावरून पायथन शिकण्याचा अपूर्व योग आला. डाउनी यांच्या ग्रीन टी प्रेस या छोट्या प्रकाशनाने २००१ मध्ये पायथनची आवृत्ती काढली. एल्कनर यांच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकातील चुका दाखवून दिल्या आणि त्या लगोलग दुरुस्त झाल्या. चुका व सूचना कळविणाऱ्यांची नामावली पुढील आवृत्त्यांत लांबत गेली. पुस्तकाची चूक दाखविणारा विद्यार्थी त्या पुस्तकाचा सर्वांत विश्वासू प्रचारकही होतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे २००३ मध्ये डाउनी ओलिन महाविद्यालयात आले आणि स्वतः पायथन शिकवू लागले. तेथे घडत गेलेले नवे रूप केंब्रिज विद्यापीठ प्रकाशनाने २००९ मध्ये, तर ओरायली प्रकाशनाने ‘थिंक पायथन’ या नावाने २०१२ मध्ये छापले. दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये आणि तिसरी २०२४ मध्ये आली. पुस्तक विनामूल्य उपलब्ध असताना दोन प्रतिष्ठित प्रकाशनांनी ते छापावे, ही गोष्ट ‘फुकट दिलेले पुस्तक विकत कोण घेणार’ या आक्षेपाला पुरेसे उत्तर आहे.

फेरबदलाच्या अधिकाराचे महत्त्व काळाच्या कसोटीवरही पटते. पायथनची तिसरी पिढी २००८ मध्ये आली आणि दुसऱ्या पिढीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. या बदलात मजकूर पडद्यावर आणणारी साधी आज्ञाही बदलली. जुन्या पुस्तकातील पहिलीच आज्ञावली नव्या संगणकावर चूक दाखवू लागली. ज्या पुस्तकात बदल करण्याचा अधिकार एकट्या प्रकाशकाकडे असतो, ते अशा वेळी पुढच्या आवृत्तीची वाट पाहत पडून राहते. खुल्या परवान्याचे पुस्तक वर्गातला अध्यापक स्वतः दुरुस्त करू शकतो.

मराठीच्या दृष्टीने मूल्यमापन :

महाराष्ट्राला प्रारंभिक संगणकपुस्तकांची परंपरा नाही, असे नाही. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे बीपीबी पब्लिकेशन्सचे पुस्तक अनेक आवृत्त्यांतून देशभरच्या वर्गांत पोहोचले. ते इंग्रजीत आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून काही महाविद्यालयांत मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीशिक्षणास वाव दिल्यानंतर मात्र मराठी प्रारंभिक पुस्तकाचा प्रश्न केवळ भाषाप्रेमाचा राहिलेला नाही. त्या वर्गातील विद्यार्थ्याच्या हाती काय द्यावयाचे, हा रोजचा प्रश्न आहे. त्या दृष्टीने ‘थिंक पायथन’कडे पाहिले असता त्याचे बळ आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

प्रथम अनुकूल बाब. पायथनच्या तिसऱ्या पिढीत चलांना देवनागरी नावे देता येतात. ‘संख्या’ किंवा ‘वय’ हे चलाचे नाव संगणक विनातक्रार स्वीकारतो. भाषेचे राखीव शब्द तेवढे इंग्रजी राहतात. ‘चल’ ही संज्ञाही विद्यार्थ्याला शालेय बीजगणितातून परिचित असते. अर्थात येथे एक धोका संभवतो. बीजगणितात ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ हे विधान अशक्य आहे. आज्ञावलीत मात्र तीच नित्याची कृती आहे, कारण तेथील बरोबरचे चिन्ह समानता सांगत नाही, तर चलाला नवे मूल्य देते. डाउनी यांनी हा भेद काळजीपूर्वक मांडला आहे. मराठी लेखकाने तो अधिकच ठळक करावयास हवा, कारण मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याकडे दोन्ही ठिकाणी एकच शब्द असतो.

मर्यादा दिसतात त्या अक्षरमालांच्या प्रकरणात. पुस्तकातील नमुनाशब्द ‘बनाना’ हा आहे. रोमन लिपीत तो सहा अक्षरांचा आणि संगणकाच्या लेखीही सहा चिन्हांचा. ‘मराठी’ हा शब्द घेतल्यास वाचकाला तीन अक्षरे दिसतात, तर संगणक पाच मोजतो. काना आणि वेलांटी त्याच्या लेखी स्वतंत्र चिन्हे आहेत. उलटसुलट वाचले तरी तेच राहणारे शब्द ओळखण्याचा अभ्यासही पुस्तकात आहे. ‘रामाला भाला मारा’ हे मराठी मुलांच्या तोंडी असलेले वाक्य त्या कसोटीला लावल्यास, शब्दांमधील मोकळी जागा वगळूनही, संगणक त्याला नापास करतो. वाक्य अक्षरशः उलटते, पण चिन्हशः उलटत नाही. येथे विद्यार्थी चुकलेला नसतो आणि संगणकही चुकलेला नसतो; ‘अक्षर’ या कल्पनेविषयीचे पुस्तकाचे गृहीतक इंग्रजी असते.

शब्दखेळांच्या प्रकरणात हे अधिक जाणवते. तेथे १,१३,८०९ इंग्रजी शब्दांची यादी घेऊन ‘ई’ हे अक्षर नसलेले शब्द शोधावयाचे आहेत. इंग्रजीत ते अक्षर सर्वाधिक वापराचे असल्याने या शोधाला गंमत आहे. त्याचे शब्दशः भाषांतर मराठीत निरर्थक ठरेल. मात्र काना-मात्रा नसलेले शब्द किंवा जोडाक्षरविरहित शब्द शोधण्याचा अभ्यास दिल्यास मूळ हेतूही साधतो आणि देवनागरीच्या संगणकीय रचनेचे ज्ञानही होते. तात्पर्य, या पुस्तकाचे मराठी भाषांतर पुरेसे नाही. त्याचे रूपांतर व्हावयास हवे. एल्कनर यांनी केले ते हेच होय. त्यांच्यापुढे भाषा संगणकाची होती, येथे ती माणसाची आहे.

परवान्यातील बदल :

याच ठिकाणी पुस्तकाच्या प्रकाशनव्यवहारावर आक्षेप घ्यावा लागतो. पुढील आवृत्त्यांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा बिगर-व्यापारी परवाना लागू करण्यात आला. रूपांतराची मुभा कायम राहिली, परंतु रूपांतरित पुस्तक व्यापारी तत्त्वावर विकण्यासाठी स्वतंत्र अनुमती आवश्यक झाली. मोठ्या प्रकाशकाला अशी अनुमती मिळविणे कठीण नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचा लहान प्रकाशक मात्र अशा पत्रव्यवहारात पडण्यापेक्षा दुसरे पुस्तक काढणे पसंत करील. छापील प्रतीचे महत्त्व जेथे अजून टिकून आहे, तेथे ही अट प्रसाराला बाधक ठरते. ज्या मोकळिकीने पुस्तकाला मोठे केले, ती पुढील रूपांतरकाराला तेवढ्या प्रमाणात मिळत नाही.

तिसऱ्या आवृत्तीतील मांडणीविषयीही असेच म्हणता येईल. ती परस्परसंवादी वह्यांच्या स्वरूपात असून प्रकरणांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला प्रश्न विचारण्याच्या सूचना आहेत. काळाला धरून हे योग्यच आहे. तथापि पाठ वाचून स्वतः चूक शोधण्याची जी सवय पहिल्या आवृत्तीने लावली, ती उत्तर चटकन हाती आल्यावर टिकेल काय, याकडे अध्यापकाला लक्ष द्यावे लागेल. प्रयोगशाळेतील संगणक आणि जोडणी अपुरी असेल, तर जुनी छापील मांडणीच अधिक उपयोगी पडेल.

समारोप :

‘थिंक पायथन’चा इतिहास पाहता पुस्तकाचा खरा प्रचारक अध्यापक असतो, आणि त्याला पुस्तकात हात घालण्याचा अधिकार मिळाला तरच तो प्रचारक होतो, असे दिसून येते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने खुल्या परवान्याच्या आधारे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही आणले. पुस्तकाच्या बाबतीतही तो मार्ग मोकळा आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या टिपणवह्यांत मराठी उदाहरणे, अभ्यास आणि विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका यांचा मोठा साठा असतो आणि तो बहुधा निवृत्तीबरोबर नाहीसा होतो. दोन-तीन महाविद्यालयांनी एकत्र येऊन तो साठा प्रकरणाप्रकरणाने एखाद्या खुल्या पुस्तकात घातला, विक्रीचीही मुभा देणारा परवाना त्याला लावला आणि दरवर्षी विद्यार्थ्यांनी दाखविलेल्या चुका दुरुस्त केल्या, तर मराठी प्रारंभिक पुस्तक उभे राहू शकते. डाउनी यांना आरंभ करण्यास दोन आठवडे पुरले होते. त्यानंतरची पंचवीस वर्षे मात्र ते पुस्तक इतरांच्या सहभागाने घडत राहिले.