सात दिवस कशाचे?

धाकट्या भाचीने मुरुमांच्या खड्ड्यांसाठी चेहऱ्यावर मायक्रोनीडलिंग करून घेतले. घरात तिच्या बहिणीचे लग्न, हळदीला चार दिवस उरलेले. उपचारानंतर मिळालेले एकपानी सूचनापत्रक तिने माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, “मावशी, यातलं खरं किती ते सांग.” मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, माझे काम प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे. पण पाठ्यपुस्तकातला एखादा धडा तपासावा तसे ते पत्रक मी वाचले, आणि धडा म्हणून ते मला नापास करावे लागले.

आधी या उपचारात काय होते ते पाहू. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर, म्हणजे शृंगी थर, चेहऱ्यावर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो; डोक्याच्या केसाहूनही बराच पातळ. पाणी आत राखणे आणि जंतू बाहेर ठेवणे ही दोन्ही कामे मुख्यतः तोच करतो. खड्ड्यांसाठी वापरतात त्या सुया साधारण दीड मिलिमीटर लांब असतात. त्या हा थर आणि त्याखालची बाह्यत्वचा भेदून अंतस्त्वचेत शिरतात, बारीक थेंबांनी रक्त येते, आणि जखम भरून काढण्याच्या खटाटोपात शरीर तेथे नवे कोलॅजेन विणते. थोडक्यात, ही मुद्दाम केलेली मोजकी इजा आहे. नंतरची काळजी म्हणजे या इजेची काळजी.

पत्रकात तेरा सूचना आहेत. मेकअप, ऊन, व्यायाम, वाफ, पोहणे, मॉइश्चरायझर, सगळ्यांपुढे मुदत एकच: सात दिवस. पत्रकावरच्या क्रमांकावर मी विचारून पाहिले, सातच का? “मॅडम, सगळ्यांना तेच सांगतो,” असे उत्तर मिळाले. माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. या त्वचेत एक नव्हे, निदान चार घड्याळे चालू असतात, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा.

पहिले घड्याळ छिद्रांचे, आणि ते तासांवर चालते. अटलांटातील जॉर्जिया टेकमध्ये मार्क प्रॉस्निट्झ आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या त्वचेवर सूक्ष्मसुया टोचून तिचा विद्युतरोध मोजला. छिद्र उघडे असेल तर विद्युतरोध कमी, बुजले की पूर्ववत. पद्धत इतकी सोपी की अकरावीच्या विद्यार्थ्यालाही कळावी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात उघडी ठेवलेली त्वचा दोन तासांत सांधली गेली, तर झाकून ठेवलेल्या त्वचेला सुयांच्या आकारानुसार ३ ते ४० तास लागले. त्या सुया औषध आत सोडण्यासाठीच्या होत्या. चेहऱ्यावर रोलर वारंवार फिरतो, म्हणून आपण पूर्ण एक दिवस धरणे शहाणपणाचे. या दिवसात चेहऱ्याला जे लागेल ते आत जाईल, असे समजून वागायचे. हात धुवा, उशीचा अभ्रा बदला, या पत्रकातल्या सूचना अगदी योग्य आहेत. मात्र कारण दिलेले नसल्याने त्या आईच्या नेहमीच्या बोलण्यासारख्या वाटतात आणि तशाच कानाआड होतात.

आणि त्याच पानाच्या तळाशी चौकटीत काय छापले आहे? उत्तम परिणामासाठी आमचे सी जीवनसत्त्वाचे सीरम त्याच रात्रीपासून लावावे! अशा सीरममध्ये ॲस्कॉर्बिक आम्ल असेल, तर ते त्वचेत शिरावे म्हणून त्याचा सामू बहुधा साडेतीनच्या खाली ठेवलेला असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही प्रसाधने अखंड त्वचेवर लावण्यासाठी बनवलेली असतात, टोचण्यासाठी नव्हेत. २०१४ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी तीन स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. सुयांबरोबर प्रसाधन आत जाऊन त्यांच्या चेहऱ्यावर दीर्घकाळ टिकणाऱ्या दाहाच्या गाठी उठल्या होत्या. त्यातील दोघींच्या चेहऱ्याला सी जीवनसत्त्वाचे सीरम लावलेले होते. तेरा सूचना ज्या दारावर पहारा देतात, ते दार चौदावी उघडते, आणि तीही पैसे घेऊन.

दुसरे घड्याळ दाहाचे आणि वरचा थर पुन्हा सावरण्याचे. ते काही दिवसांचे. येथे पत्रक म्हणते, ‘त्वचेला श्वास घेऊ द्या, सात दिवस मॉइश्चरायझर लावू नका.’ त्वचेचा वरचा पाव मिलिमीटर हवेतून प्राणवायू घेतो हे खरे, पण म्हणून ती कोरडी ठेवावी असे होत नाही. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर पॉलिथिनचा पातळ पडदा बसवून दाखवले, की ओलसर जखमेवर नवी बाह्यत्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पसरते. खपली धरलेल्या जखमेत पेशींना खपलीखालून वाट काढावी लागते. मग झाकलेली छिद्रे उशिरा बुजतात या निष्कर्षाशी याचा मेळ कसा? दोन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. एकात दार केव्हा बंद होते हे पाहिले, दुसऱ्यात भिंत किती लवकर उभी राहते हे. म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टरांनी दिले असेल तेवढेच लावायचे. नंतर साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावायचे. सात दिवस कोरडेपणा सोसण्याचे काही कारण नाही.

तिसरे घड्याळ रंगाचे, आणि आपल्या सावळ्या वर्णाला तेच सर्वांत महागात पडते. दाहाने चेतवलेल्या रंजकपेशी आठवडेच्या आठवडे जास्त मेलॅनिन बनवू शकतात. त्यात ऊन मिळाले की खड्ड्यांच्या जागी काळे डाग. लांब लहरींचे अतिनील किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. सात दिवसांनी छत्री मिटणे म्हणजे परीक्षा संपण्याआधीच वर्गाबाहेर पडणे. पत्रकात टोपीचा उल्लेख आहे, पण पुण्यात स्कूटरवरून जाणारी मुलगी तोंडाला स्कार्फ गुंडाळते हे लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. धुतलेला, मऊ सुती स्कार्फ चालेल. कालचा घामट, धुळीचा नको.

चौथे घड्याळ कोलॅजेनचे. ते महिन्यांवर चालते, आणि ‘आठवड्यात नवी त्वचा’ हे शीर्षक त्यापुढे टिकत नाही.

सर्वांत गंभीर उणीव मात्र वेगळीच आहे. ‘लाली स्वाभाविक आहे, घाबरू नये’ असे पत्रक दोनदा सांगते. केव्हा घाबरावे हे एकदाही सांगत नाही. लाली दिवसागणिक ओसरायला हवी. तिसऱ्या दिवसानंतर ती वाढू लागली, पू झाला, पुटकुळ्यांचा घोस उठला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे, ही एक ओळ तेरांपैकी कुठल्याही सूचनेच्या जागी छापता आली असती.

हळदीबद्दलही पत्रक गप्प आहे. हळद जंतुनाशक म्हणून आपल्याला भरवशाची वाटते, पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते, आणि काहींच्या त्वचेला तिची ॲलर्जीही असते. भाचीने सीरमची बाटली न उघडता बाजूला ठेवली. चौथ्या दिवशी चेहऱ्याकडे येणारे मावश्या-आत्यांचे हात तिने अडवले, आणि हळद फक्त हातापायांना लावून घेतली.